‘दोन वर्षं घासा’ म्हणणाऱ्यांना

दहावीचा निकाल लागला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला: ‘दोन वर्षं घासा, चाळीस वर्षं आराम. मनापासून मेहनत करणाऱ्याला आयआयटी मिळतेच. आत गेलात की नोकरीची चिंता मिटली. प्रेशर झेपत नाही म्हणणारी पोरं मुळातच नाजूक.’ मी नऊ वर्षं जेईईच्या, म्हणजे आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवलीय. गप्प बसवेना.

‘मेहनतीला मिळतेच’ आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्याच खुंटीला टांगलंय. 2024 साली जेईई मेनला 14 लाखांवर मुलं बसली. त्यातल्या वरच्या अडीच लाखांनाच अ‍ॅडव्हान्स्डचं, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेचं, दार उघडतं. ती परीक्षा 1 लाख 80 हजारांनी दिली, पात्र ठरली 48,248. आणि 23 आयआयटींत मिळून जागा होत्या 17,740. म्हणजे पात्र ठरलेल्यांतही निम्म्याहून जास्त बाहेरच. उद्या सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तर कटऑफ वर जाईल, एवढंच. सगळ्यांनी खिडकीतून रुमाल टाकले म्हणून एसटीत सीटा वाढत नाहीत. किती जणांना नाही मिळणार, हे पेपर निघण्याआधीच ठरलेलं असतं. कुणाला, एवढंच ठरायचं असतं.

‘दोन वर्षं’ हे तर हसण्यावारीच न्यावं. फाउंडेशन बॅच आठवीपासून चालू, नाही जमलं तर बारावीनंतर ड्रॉप, म्हणजे परीक्षेसाठी आणखी एक वर्ष. सोळा वर्षांखालच्यांना क्लासमध्ये घेऊ नका, असं केंद्राने जानेवारी 2024 मध्ये सांगितलं. आमच्याकडे फाउंडेशनच्या जाहिराती अजूनही रिक्षांच्या पाठीवर आहेत.

नोकरीचं म्हणाल, तर आयआयटी मुंबईत 2023-24 च्या प्लेसमेंटमध्ये प्रत्यक्ष उतरलेल्या 1,979 जणांपैकी 1,475 जणांना नोकरी मिळाली. चारातला एक राहिलाच. संस्था उत्तमच आहे, पण ती विम्याची पॉलिसी नव्हे.

राहिली ‘नाजूक’ पोरं. राजस्थानातल्या कोटा या क्लासेसच्या शहरात 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रशासनाने हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला लावल्या, वजन पडलं की पंखा खाली यावा म्हणून. जिथे पंख्याचा बंदोबस्त करावा लागतो तिथे दोष पोरांच्या मनाचा, हे मला पटत नाही.

आमच्या क्लासमध्ये रविवारी टेस्ट असायची आणि सोमवारी जिन्यात यादी लागायची. महिन्याला बॅचेस ढवळायच्या, ए ते डी. एक मुलगा बी मधून डी मध्ये आला. पहिल्या दिवशी सवयीने बी च्या वर्गात जाऊन बसला. सरांनी हजेरी घेताना उठवलं. दप्तर छातीशी धरून तो माझ्या वर्गात आला. तिथे शेवटच्या बाकावर जागा होती. डी ला शिकवायला नवखे मास्तर देत, तेव्हाच्या माझ्यासारखे. अनुभवी सर ए साठी राखून ठेवलेले, कारण निकालानंतर होर्डिंगवर चेहरे तिथलेच लागायचे.

ए मधल्या बहुतेकांना फी माफ होती. डी वाले पूर्ण भरायचे.