मेंबर टिकवायचे म्हणून रोज नवीन वर्कआउट? अजिबात नको

जिमवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव सगळीकडून तोच येतोय, आणि नवीन ट्रेनर पोरं तो नियम म्हणून वापरायला लागलीत म्हणून हे लिहितोय. मेसेज थोडक्यात असा: स्ट्रेंथ ट्रेनिंग (वजन उचलून ताकद वाढवायचा व्यायाम) मुळात बोअर असतं, त्यामुळंच लोक दोन-तीन महिन्यांत जिम सोडतात, मग टिकवायचे असतील तर रोज वर्कआउट बदला म्हणजे मसल कन्फ्यूज होतात, मेंबरला असा पिळा की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येऊ नये, बायका आणि साठीच्या पुढची माणसं यांना लोखंडाजवळ नेऊ नका ती घाबरतात, बारा आठवड्यांचं ट्रान्सफॉर्मेशन चॅलेंज (शरीर बदलायची बक्षिसाची स्पर्धा) लावा, आणि वर्षाची फी आधीच घेऊन टाका.

जिममालकाची काळजी मला कळते. जानेवारीत गर्दी, मार्चमध्ये परीक्षा, मग लग्नसराई, मग पाऊस, मग गणपती, आणि भाडं न् लाईटबिल मात्र बारा महिने. मेंबर टिकला पाहिजे आणि त्याला यायला मजा आली पाहिजे, इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही. पण ही मजा येते कुठून तेच त्या मेसेजमध्ये चुकलंय, आणि त्यातले उपाय केले तर टिकणारी माणसं पण जातील.

"स्ट्रेंथ ट्रेनिंग बोअर असतं" हे वाक्य आपल्या भागात तरी पटायला नको. इथल्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या तेच जोर, त्याच बैठका, तीच माती. कवठेपिरानचे मारुती माने 1962 ला जकार्ताच्या एशियाडमधून गोल्ड घेऊन आले, शेजारच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले, ही माणसं रोज काहीतरी नवीन करायला मिळतं म्हणून आखाड्यात उतरत नव्हती. तालमीत पोरगं टिकतं कारण जोडीदार असतो, वस्तादाला त्याचं नाव, घर, काल किती जोर मारले हे सगळं माहीत असतं, आणि मागच्या महिन्यात जे जमत नव्हतं ते आज जमतं. अमेरिकेतल्या डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणूस एखादी गोष्ट मनापासून का करत राहतो याची तीन कारणं सांगितलीत, त्यात आपला निर्णय आपल्या हातात आहे, आपल्याला हे जमतंय, आणि इथं आपली माणसं आहेत, एवढंच आहे. तालमीत निदान शेवटची दोन तरी भरपूर मिळतात.

बोअर काय होतं सांगू का? संध्याकाळी सातला बेंचसाठी लाइन लागलीय, ट्रेनर मोबाईलमध्ये आहे, या सेटनंतर काय मारायचं माहीत नाही, आणि तीन महिने झाले तरी आपण पुढं गेलो का तिथंच आहोत हे कुणी सांगत नाही. असल्या ठिकाणी कुणीही कंटाळेल, त्यात स्क्वॉटचा (वजन घेऊन मारायच्या बैठकीचा) काय दोष. आणि झुंबाला (गाण्यावर नाचत करायच्या व्यायामाला) माझा विरोध नाही, आवडतो त्यांनी जरूर करावा, दमसास वाढतो, ग्रुप जमतो, फक्त स्नायूला आणि हाडाला वजनाचा जो ताण लागतो तो त्यातून मिळत नाही, त्यामुळं स्ट्रेंथच्या जागी तो बसवता येत नाही.

आता रोज वर्कआउट बदलायचा मुद्दा, ज्यानं माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान होतंय. मसलला गोंधळ वगैरे कळत नाही, त्याला ताण कळतो. हळूहळू वाढत जाणारा ताण दिला की तो वाढतो, आणि ताण वाढवायचा तर मागच्या वेळी किती होता हे माहीत पाहिजे, म्हणजे तोच व्यायाम परत आला पाहिजे. नवीन माणसाची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद तर मुख्यतः मेंदू आणि नसा ती हालचाल शिकतात म्हणून वाढते, मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी हे 1979 सालीच दाखवलंय. म्हणजे पहिला महिना हा सगळ्यात पटपट प्रगती दिसायचा महिना, आणि नेमका याच महिन्यात मेंबर राहायचं का जायचं ते ठरवत असतो. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात 8 किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट मारतो, टाचा उचलतात, गुडघे आत जातात. तोच स्क्वॉट आठवड्यातून दोन-तीनदा केला की थोड्याच आठवड्यांत तो 12 किलो घेऊन व्यवस्थित खाली जाऊन वर येतो आणि आरशात स्वतःकडे बघतो, त्याचा चेहरा बघा तेव्हा. ही खरी मजा आहे ओ, ही कुठल्या गाण्यानं येत नाही. आणि आपण काय करतो, आज स्क्वॉट, उद्या बॉक्स जंप, परवा बल्गेरियन (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावरची बैठक), तेरवा केटलबेल स्नॅच (कडीवालं वजन एका झटक्यात डोक्यावर). म्हणजे रोज नवीन शाळेत पहिला दिवस, रोज सगळ्यांसमोर चुकायचं. नवख्या माणसाला यानं उत्साह येत नाही, लाज वाटते.

एक साधी गोष्ट आहे जिच्याकडं बहुतेक जिम लक्ष देत नाहीत, ती म्हणजे छोट्या प्लेटा. सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असली तर रॉडला दोन्ही बाजूंनी लावून एकदम पाच किलो वाढतात. जी ताई 15 किलोचा रॉड डोक्यावर ढकलतीय तिच्यासाठी 20 म्हणजे एक तृतीयांश जास्त, ती अडकणारच, आणि दोन-तीन आठवडे अडकली की म्हणणार मला हे जमत नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून रॉडच्या मापाचं भोक पाडून अर्ध्या न् एक किलोच्या चकत्या करून घ्या, साऊंड सिस्टिमपेक्षा स्वस्त पडतील आणि मेंबर जास्त टिकवतील. एका किलोला काय किंमत असते ते आपल्या सांगलीच्या संकेत सरगरला विचारा, 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये भारताचं पहिलं मेडल त्यानं मिळवलं, 55 किलो गटात, एकूण 248 किलो, आणि गोल्डवाल्याचे 249. वेटलिफ्टिंगमध्ये लिफ्ट दोनच, स्नॅच (रॉड एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर), सगळं करिअर त्या दोन लिफ्टमध्ये एकेक किलो वाढवण्यात जातं.

हां, बदल नकोच असं मी म्हणत नाही. 2019 साली एक अभ्यास छापून आला, त्यात आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांच्या एका गटाला अ‍ॅपवरून सारखे वेगवेगळे व्यायाम दिले आणि दुसऱ्याला ठरलेलेच. ताकद आणि स्नायू दोन्हीकडं साधारण सारखेच वाढले, पण बदल मिळालेल्या गटाचा उत्साह जास्त राहिला. हे मान्य करायलाच पाहिजे. पण ही सगळी मुरलेली माणसं होती, त्यांना प्रत्येक व्यायाम येत होता. नवीन मेंबरला तेच लावायचं म्हणजे बाराखडी यायच्या आत निबंध लिहायला लावणं.

मग करायचं काय, तर पाच गोष्टी सहा ते आठ आठवडे पक्क्या ठेवायच्या: बसून उठायचं, वाकून उचलायचं, ढकलायचं, ओढायचं, वजन धरून चालायचं. त्यातल्या प्रत्येकात दोन पर्याय मेंबरसमोर ठेवायचे, लेग प्रेस (मशीनवर पायानं वजन ढकलणं) का गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठक), तुम्ही सांगा, एवढं विचारलं तरी माणूस खुलतो. प्रत्येकाची एक वही, तारीख, वजन, रेप (किती वेळा मारलं), बास. आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी, जोडी-जोडीनं डंबेल घेऊन चालायची रिले, रस्सीखेच, मेडिसिन बॉल फेकाफेकी, वॉर्मअपला लंगडी सुद्धा चालते, एका पायावरचा तोल आणि पोटरीचा व्यायाम आयताच होतो, चाळिशीतली माणसं लंगडी घालताना इतकी हसतात की पुढचे सेट कधी संपले कळत नाही. नावीन्य या दहा मिनिटांत पाहिजे तेवढं घाला, मेन सेटला हात लावू नका.

"दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही की मेंबरला पैसे वसूल वाटतात", हे तर धोक्याचं आहे. अंग दुखणं हे सवय नसलेल्या ताणाचं लक्षण आहे, साधारण 24 ते 72 तासांत जास्त जाणवतं आणि तोच व्यायाम परत केला की बरंच कमी होतं. दुखलं म्हणजे वाढलं असं काही नसतं. आणि रोज नवीन व्यायाम दिला की रोज नवीन दुखणं, म्हणजे या दोन सल्ल्यांची जोडी जमली की मेंबर कायम दुखतच राहणार. दिवसभर दुकानात उभं राहणारा, एसटीत कंडक्टरकी करणारा, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा माणूस हे का सहन करेल? नवख्याला पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठका काढायला लावल्या तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरू शकतात आणि ते किडनीवर येऊ शकतं. अति दुखणं, सूज आणि लघवी काळपट झाली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. हे प्रत्येक ट्रेनरला पाठ पाहिजे. पहिले दोन आठवडे मेंबर "अजून जमलं असतं की" म्हणतच घरी गेला पाहिजे.

बायका आणि वयस्कर माणसांबद्दल जे लिहिलंय त्याचा मला मनापासून राग आलाय. घरचा भरलेला गॅस सिलिंडर, त्यात गॅसच 14.2 किलो, टाकीसकट जवळपास 30 किलो होतात, तो दारातून स्वयंपाकघरापर्यंत कोण नेतं? त्याच बाईला आपण जिममध्ये दोन किलोचा गुलाबी डंबेल देतो आणि वर म्हणतो त्या घाबरतात. वजन उचलून बायका पुरुषांसारख्या दिसायला लागतात ही भीती अजून आहे, पण बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं, आणि मीराबाई चानूनं टोकियोत 49 किलो गटात 202 किलोचं टोटल मारून सिल्व्हर घेतलं तेव्हा सगळ्या देशानं तिला बघितलंय. संकेतची बहीण काजोल, तिनं तर खेलो इंडियात 40 किलो गटात गोल्ड मारलं, सांगलीचीच पोरगी आहे ना ती. आपल्याकडं बायका जिम सोडतात त्याची कारणं मी विचारून बघितलीत, कुणी टक लावून बघतं, चेंजिंग रूमची कडी लागत नाही, ट्रेनर न विचारता हात लावून फॉर्म दुरुस्त करतो, दुपारच्या वेळेला कुणी शिकवायलाच नसतं. लोखंड जड आहे म्हणून सोडलं असं मला तरी एकीनंही सांगितलं नाही. कडी बसवा, विचारून हात लावा, दुपारची बॅच नीट चालवा.

आणि आजी-आजोबा. 1990 साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वयाच्या माणसांना आठ आठवडे पायाचा चांगला जड व्यायाम दिला, मांडीची ताकद सरासरी 174 टक्के वाढली. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस पण हेच सांगते, सगळ्या प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि 65 च्या पुढं तोल आणि ताकदीचा मिळून तीन दिवस. बीपी, शुगर, गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून सुरुवात, उंच बाकावरून हात न टेकता उठायचं, मग बाक थोडा खाली, मग हातात वजन. या वयात मजा कशाची वाटते तर गणपती मंदिराच्या पायऱ्या कठडा न धरता चढलो याची. काका-काकू एकदा रुळले की सगळ्यात नियमित तेच येतात, पावसात सुद्धा छत्री घेऊन येतात.

चॅलेंजबद्दल. डेसींनीच 1971 ला कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला होता, कोडी सोडवायला पैसे दिले आणि मग ते बंद केले, तर पोरांनी आपणहून कोडी खेळणंच कमी केलं. बक्षिसाचं असंच होतं, बारा आठवडे संपले, फोटो काढला, बाईक कुणाला तरी लागली, बाकीचे तेराव्या आठवड्यात येत नाहीत. शिवाय बक्षिसासाठी पोरं उपाशी राहतात, पाणी तोडतात, ते वेगळंच. कॉलेजच्या पोरांना आपसातली चुरस आवडते, त्यांची लावा खुशाल. पण भिंतीवर पहिला-दुसरा नंबर लावण्यापेक्षा "पहिला पूर्ण पुल-अप", "स्वतःच्या वजनाएवढी डेडलिफ्ट" (रॉड जमिनीवरून उचलून उभं राहणं), "बाकावरून हात न लावता दहा वेळा" अशी नावं लिहायची जागा ठेवा, तिथं कुणी कुणाला खाली ढकलत नाही, सगळ्यांची नावं बसतात.

राहिली वर्षाची आगाऊ फी. पैसे आले म्हणजे माणूस टिकला असं होत नाही, तो यायचा बंद झाला की रिन्यूअलला पण येत नाही, आणि चौकात चार जणांना सांगतो ते वेगळं. आठवडाभर दिसला नाही तर ट्रेनरनं स्वतः फोन करायचा, फीचा विषय न काढता, गुडघा कसाय, आईची तब्येत कशीय एवढंच विचारायला. गणपतीत, ऊस तुटायच्या वेळेला, घरच्या लग्नात खंड पडणारच, ते धरूनच चालायचं आणि त्याला आधीच सांगून ठेवायचं की एकदा कमावलेली ताकद नव्यानं कमवायला लागते त्यापेक्षा खूप लवकर परत येते. आला की वही काढायची, शेवटच्या वजनाच्या साधारण निम्म्यावर सुरुवात, सेट पण कमी, म्हणजे अंग धरून परत आठवडाभर घरी बसायची वेळ येत नाही.