मोजणाऱ्या माणसाचा पगार ही उधळपट्टी नाही

वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या छोट्या स्थानिक संस्थांबद्दल एक मेसेज सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. त्याचा सारांश असा: देणगीच्या पैशातून या संस्था इकॉलॉजिस्ट (सजीव आणि त्यांचा परिसर यांचे अभ्यासक) पगारावर ठेवतात, ते रानात हिंडतात, पक्षी-फुलपाखरं मोजतात आणि अहवाल लिहितात. मोजून एकही प्राणी वाचत नाही. तोच पैसा झाडं लावायला आणि कुंपण घालायला वापरा. नोंदी ठेवायला आता ॲप आहेत, स्वयंसेवक आहेत. आणि ज्याला खरी आवड असते तो पगार मागत नाही.

मी अशाच एका संस्थेत हे काम करते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत मनापासून देणगी देणारेही बरेच आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

“मोजून एकही प्राणी वाचत नाही.”

इंग्लंडमधल्या लार्ज ब्लू या फुलपाखराचं काय झालं ते बघा. ते दुर्मिळ होऊ लागलं तेव्हा खापर फुटलं ते फुलपाखरं पकडून संग्रह करणाऱ्यांवर. उपायही त्याच समजुतीवर बेतलेले: जागा राखीव केल्या, काही ठिकाणी कुंपण घातलं. संख्या घटतच राहिली. १९७०च्या दशकात जेरेमी थॉमस हा तरुण अभ्यासक उरल्यासुरल्या वस्तीजवळ ठाण मांडून बसला आणि अंडी, अळ्या, मुंग्या, गवताची उंची असं सगळं मोजू लागला.

या फुलपाखराची अळी पहिले काही आठवडे रानटी थाइमच्या फुलांवर काढते आणि मग जमिनीवर उतरते. तिथे लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून घरट्यात नेतात. पुढचे जवळपास दहा महिने ती त्याच मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. अशा मुंग्यांच्या जाती अनेक, पण अळी चांगली तगते ती मिर्मिका साब्युलेटी या एका जातीच्या घरट्यात. या मुंगीला ऊबदार जमीन लागते, म्हणजे गवत जमिनीलगत चरलेलं हवं. ते थोडं वाढलं तरी मातीवर सावली पडते, माती गार होते आणि त्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या येतात. त्या काळात डोंगरउतारांवरची चराई कमी झाली होती. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या रोगाच्या साथीत तिथलं गवत खाणारे ससे मोठ्या संख्येने मेले होते. आणि जिथे कुंपण होतं, तिथे संग्राहकांबरोबर गुरंही बाहेर राहिली होती.

हे उमगेपर्यंत उशीर झाला. १९७९मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. पण कारण हाती आलं होतं, म्हणून १९८३पासून स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवता आलं, चराई नीट आखून. आज त्याची एक मोठी वस्ती ग्रीन डाउन इथे आहे आणि ती जागा सॉमरसेट वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळते. हीसुद्धा एक स्थानिक संस्थाच आहे. कुंपणाचा पैसा मेसेजच्या भाषेत ‘थेट’ निसर्गावर खर्च झाला होता. फुलपाखरू परत आलं ते गवताची उंची आणि मुंग्यांची घरटी मोजल्यामुळे.

“त्यापेक्षा झाडं लावा.”

जिथे जंगल होतं आणि तुटलं, तिथे जरूर लावा. कोणती, किती, कुठून आणलेल्या बियांची, एवढं मात्र विचारून. पण गवताळ माळ म्हणजे ओसाड पडलेलं जंगल नव्हे. माळढोक, धाविक, चंडोल जमिनीवर अंडी घालतात. त्यांना लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. तिथे रोपांच्या रांगा उभ्या राहिल्या की काही वर्षांत शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात, सावलीत गवत मरतं आणि माळावरचे पक्षी निघून जातात. फोटो मात्र हिरवागार येतो. ‘या माळावर झाडं लावू नका’ हे सांगणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण समोर खड्डे खणायला सज्ज झालेली उत्साही माणसं असतात. त्या वेळी हातात त्या माळावरच्या घरट्यांच्या नोंदी नसतील, तर माझं कुणी का ऐकावं?

“ॲप आणि स्वयंसेवक आहेत की.”

आहेत, आणि त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात कीटकप्रेमींची १९०५ साली स्थापन झालेली एक मंडळी आहे, बहुतेक सगळे हौशी. त्यांनी ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून पकडलेल्या कीटकांच्या वजनाच्या नोंदींवरून २०१७मध्ये जगाला कळलं की २७ वर्षांत तिथल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणपटीहून जास्त घटलं. पण ते कळलं कशामुळे? सापळा दर वेळी त्याच बनावटीचा आणि तो लावायची, रिकामा करायची, कीटक तोलायची पद्धत ठरलेली. आणि एवढ्या आकड्यांतून हवामान, अधिवास वगैरे कारणं वेगळी काढायला विद्यापीठातले संशोधक सोबत बसले होते.

मोबाईलवरच्या सुट्या नोंदींत असं होत नाही. त्या रस्त्याकडेला, सुट्टीच्या दिवशी, देखण्या प्राण्यांच्या जास्त होतात. कुठे काय दिसलं ते कळतं. कुठे शोधूनही दिसलं नाही ते कळत नाही. ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप किती वेळ, किती अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का, हे म्हणूनच विचारतं. ते प्रश्न तिथे आले ते याच विषयातल्या अभ्यासामुळे.

“रानात हिंडायचा पगार.”

पक्षीगणनेची एक पहाट सांगते. ठरलेल्या बिंदूवर जाऊन उभं राहायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काही लिहायचं नाही. पावलांच्या आवाजाने गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलू लागले पाहिजेत. मग घड्याळ लावून दहा मिनिटं, दिसलेला-ऐकू आलेला प्रत्येक पक्षी, त्याचं अंतर, वारा, ढग. वरून नुसता उडत गेलेला वेगळ्या रकान्यात. अकराव्या मिनिटाला कितीही दुर्मिळ पक्षी येऊन बसला तरी तो तक्त्यात जात नाही. मोह होतो, पण तिथे सूट दिली की पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना संपली.

आणि हे फक्त बाहेरचं काम. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, कार्डात हजारो फोटो निघतात, त्यातले कित्येक वाऱ्याने हललेल्या गवताच्या पात्याचे. ते सगळे कुणीतरी बघायचे असतात. मग तक्ते, नकाशे, परवानगीचे अर्ज, व्यवस्थापन आराखडा.

अहवाल हीसुद्धा कागदं रंगवण्याची हौस नाही. समजा एखादा प्राणी जागेवर असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. तर सलग पाच फेऱ्यांत तो एकदाही न दिसण्याची शक्यता जवळपास १७ टक्के उरते. एका दुपारी चक्कर मारून ‘इथे काही नाही’ असं लिहिणाऱ्या कागदावर रस्ता मंजूर होऊ शकतो. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक मंजुरीच्या बैठकीत आकड्यांनिशी मांडणारं माणूस संस्थेकडे असायला हवं.

“खरी आवड असेल तर पगार कशाला?”

हा मुद्दा वाचून मला वाईट वाटतं. बिनपगारी काम वर्षानुवर्षं त्यांनाच परवडतं ज्यांचं घर दुसरं कुणी चालवतं. गुराख्याच्या घरातली, गवताचं पान न् पान ओळखणारी मुलगी या अटीवर पहिल्याच वर्षी बाहेर पडते. तिच्याबरोबर नोंदींची साखळीही तुटते. दोन वर्षांच्या आकड्यांवरून घट खरी आहे की नुसता पाऊस कमी पडला, हे सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य आहे. कपाटात जाऊन पडणारे सर्व्हे असतात, आणि त्यावर देणगीदारांनी चिडणं योग्यच आहे. तेव्हा पुढची देणगी देताना संस्थेला खुशाल विचारा: गेल्या पाच वर्षांच्या नोंदींमुळे तुम्ही कोणतं काम बदललंत, आणि कोणतं थांबवलंत?