शर्यत नको नव्हती, रांग नको होती

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचली. रात्री राग आला होता. सकाळपर्यंत तो बराच ओसरला, म्हणून आता उत्तर लिहायला बसले.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. प्राथमिक शाळेच्या क्रीडादिनाबद्दल मी लिहिलं होतं की एकामागून एक शर्यती घेण्यापेक्षा मैदानावर आठ खेळ एकाच वेळी मांडा आणि मुलांचे गट फिरते ठेवा. तुमच्या मुलीच्या शाळेने तसं केलं. मुलगी चौथीत आहे, वर्गात तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही. ती इतर सगळ्यांसारखंच प्रमाणपत्र घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आज नुसतं उभंच होतो." यावर तुम्ही लिहिलंत, की हरायला न शिकवणारा क्रीडादिन म्हणजे जत्रा, आणि ही जत्रा माझ्यासारख्यांच्या लेखांमुळे भरते.

जत्रा हा शब्द लागलाच. पण त्याहून जास्त लागलं ते मुलीचं वाक्य, कारण मुलांनी उभं राहू नये एवढ्याचसाठी मी हा सगळा खटाटोप सुचवला होता.

जुन्या पद्धतीचा हिशेब बघा. मुलं २४०, ट्रॅकवर पट्टे आठ, म्हणजे ३० फेऱ्या. मुलांना रेषेवर उभं करा, शिट्टी मारा, पळवा, नंबर लिहून घ्या, की एका फेरीला तीन मिनिटं सहज जातात. दीड तास झाला. त्या दीड तासात प्रत्येक मूल पळालं किती? फार तर वीस सेकंद. उरलेला वेळ ते मांडी घालून बसतं आणि पुढच्याच्या मानेवर माती टाकतं.

आता आठ खेळांचं. प्रत्येक गटात ३० मुलं, एका खेळाला आठ मिनिटं, जागा बदलायला दोन. एकूण ८० मिनिटं. कागदावर छान दिसतं. पण त्या ३० मुलांची एकच रांग लावली आणि प्रत्येकाला वीस सेकंद लागले, तर सगळ्यांची एकेक पाळी व्हायलाच दहा मिनिटं हवीत. तुमच्याकडे आहेत आठ! शेवटच्या पाच-सहा मुलांचा नंबर लागायच्या आत घंटा होते. तुमची मुलगी बहुतेक त्याच शेपटात होती.

त्याच ३० मुलांच्या सहा-सहाच्या पाच रांगा केल्या, तर दर दोन मिनिटांनी पाळी येते. खेळ समजावण्यात दोन मिनिटं गेली तरी प्रत्येकाला तीन पाळ्या मिळतात, आठ खेळांच्या मिळून चोवीस. हा हिशेब मी मूळ लेखात दिला नव्हता. "आठ खेळ मांडा" एवढं लिहून मोकळी झाले. ती चूक माझी, शाळेची नाही.

यातून पुढची गोष्ट निघते. पाच रांगा म्हणजे साहित्याचे पाच संच, म्हणून खेळ निवडतानाच साधे निवडायचे: फक्कीने आखलेल्या रेषांवरून उड्या, जमिनीवर ठेवलेल्या दोरीवर तोल सांभाळत चालणं, डोक्यावर वाळूची छोटी पिशवी ठेवून खुणेच्या शंकूला वळसा. टोपलीत चेंडू टाकण्याचा खेळ सगळ्यांना आवडतो, पण टोपली एकच असेल तर तो बाद करा. तिथे हमखास रांग तुंबते.

आता हरण्याबद्दल. पहिलीच्या एकाच वर्गात अकरा महिन्यांनी लहान-मोठी मुलं असतात. सहा वर्षांच्या मुलासाठी हा फरक आजवरच्या आयुष्याच्या जवळजवळ सातव्या भागाएवढा झाला. १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेली मुलं गटात सगळ्यांत मोठी, आणि वरच्या पातळीवर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या वर्षअखेरीस जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. पहिलीच्या शर्यतीत आपण पुष्कळदा वेगाला नाही, जन्मतारखेला पदक देतो. आणि जे मूल दर वर्षी शेवटून दुसरं येतं, ते हरायला शिकत नाही. क्रीडादिनाच्या सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागतं. (अनुभवाचे बोल आहेत. माझं तिसरीपर्यंत दुखायचं.)

वाळूची पिशवी डोक्यावरून पडली की पुन्हा रेषेपासून सुरुवात. हेही हरणंच आहे, फक्त दोन मिनिटांनी पुन्हा पाळी येते. गुणही मोजायचे, पण गटाचे. वर्ल्ड ॲथलेटिक्स या धावण्या-उड्यांच्या खेळांच्या जागतिक संघटनेच्या मुलांसाठीच्या उपक्रमातही संघाने मिळून खेळण्यावरच भर असतो. तेव्हा स्पर्धा मी काढली नव्हती.

पण चौथीतल्या पळणाऱ्या मुलीचं काय, याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. तिथे तुमचं बरोबर आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आपला नंबर कितवा हे जाणून घ्यायचं असतं, आणि ते आपण सांगितलं नाही तरी ती आपापसांत ठरवतातच. म्हणून यंदा आम्ही आमच्या क्रीडादिनात शेवटची वीस मिनिटं तिसरी-चौथीच्या खुल्या शर्यतीला ठेवतोय. ज्याला पळायचंय त्याने नाव द्यायचं, फीत लावायची, पहिला-दुसरा-तिसरा मोठ्याने पुकारायचा. सक्ती कुणावर नाही.

प्रमाणपत्राबद्दलही तुमचंच खरं. सगळ्यांना तोच छापील कागद दिला तर त्याला रद्दीइतकीच किंमत. त्याऐवजी आम्ही छोटं कार्ड देतो. त्यावर ज्याचे त्याचे आकडे: जागेवरून लांब उडी, पहिल्या प्रयत्नात ११२ सेंमी, दुसऱ्या प्रयत्नात ११९. मुलं ते आकडे पाठ करून घरी जातात.

खेळ बदलतानाच्या गोंधळाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं. आमच्या पहिल्या वर्षी घंटा मैदानाच्या पलीकडे ऐकूच गेली नाही आणि एका खेळावर तीन गट जमले, एकावर कुणीच नाही. तेव्हापासून मोठा इशारा ठेवलाय: तो पहिल्यांदा झाला की सगळ्यांनी जागच्या जागी खाली बसायचं, साहित्य परत रेषेवर, दुसऱ्या इशाऱ्याला उठून सगळ्यांनी एकाच दिशेने पुढे. शिक्षक चारच असतील तर खेळही चारच मांडा, आणि मोठ्या वर्गातली दोन-दोन मुलं प्रत्येक ठिकाणी मदतीला द्या. ती आपल्यापेक्षा कडक पंच असतात.

राहता राहिला तीन पायांच्या शर्यतीत मुलीच्या घोट्याला दोरी काचल्याचा मुद्दा. सुतळी किंवा दोरी कधीच वापरू नये. रुंद, मऊ कापडी पट्टी घ्यायची, घोट्याच्या थोडी वर बांधायची, मध्ये एक बोट जाईल इतकी सैल. जोड्या उंची बघून लावायच्या आणि शिट्टीआधी दोन मिनिटं नुसतं चालायला द्यायचं. काचलेल्या जागी अजून लाली असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि मुलगी कशी आहे ते इथे नक्की कळवा.