ठाण्याची हवा सापाला पुरत नाही

पाळीव साप ठेवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांच्या मोबाइलवर सध्या एक निरोप फिरतोय. मला तो चौघांकडून आला. शेवटचा ऐरोलीच्या भाच्याकडून, आणि खाली त्याचा प्रश्न: "मावशी, हे खरं का गं? मी थर्मोस्टॅट उगाच घेतला का?" त्याच्याकडे चार महिन्यांपूर्वी बॉल पायथन या छोट्या अजगराचं पिल्लू आलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

निरोपाचा मजकूर थोडक्यात असा: बॉल पायथन मूळचा आफ्रिकेचा, आपली हवा तशीच उष्ण आणि दमट, त्यामुळे वेगळी उष्णता द्यायची गरज नाही. थंडीत फार तर एक साधा बल्ब किंवा तापणारा दगड ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे ऊब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, हा दुकानदारांनी काढलेला खर्च. आर्द्रतेसाठी सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारा, जितकं ओलं तितकं बरं. खोलीत एसी असला तरी हरकत नाही, साप थंड रक्ताचा असतो. काचेवर चिकटवायचा गोल काटा मोजमापाला पुरतो. आणि सोसायटीत सापडलेलं सापाचं पिल्लूसुद्धा असंच वाढवता येतं.

माझ्याकडे सात वर्षं चकली आहे. बॉल पायथनची मादी, २०२० साली परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदवलेली. पहिल्या वर्षी मी यातल्या दोन-तीन चुका स्वतः केल्या आणि त्या तिने अंगावर सोसल्या. त्यामुळे हा निरोप वाचून मला स्वस्थ बसवलं नाही.

"आपली हवा आफ्रिकेसारखीच." आफ्रिका म्हणजे नेमकी कुठली? बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिथे तो उघड्या माळावर पसरून राहत नाही. उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. बाहेर हरमॅटनचा कोरडा वारा सुटलेला असतो तेव्हाही वारुळाच्या आत हवा ओलसर आणि तापमान जवळपास स्थिर असतं. म्हणजे आपल्याला नक्कल करायची आहे ती वारुळाच्या आतल्या हवेची. गावाच्या हवामानाचा आकडा इथे कामाचा नाही.

शिवाय एकच तापमान त्याला चालत नाही. आपलं शरीर आतून ऊब तयार करतं, सापाचं करत नाही. तो जागा बदलून स्वतःचं तापमान राखतो, म्हणून त्याच्या टँकची, म्हणजे काचेच्या पेटीची, एक बाजू उबदार आणि एक गार लागते. बॉल पायथनसाठी उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजू २५ ते २७, रात्री २४च्या खाली नाही. दुसरा पाळीव साप म्हणजे कॉर्न स्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला थोडं कमी, साधारण २९ ते ३१ आणि गार बाजूला २२ ते २४. दोन्ही बाजूंना लपायला एकेक जागा हवीच. ऊब हवी तर उघड्यावर, सुरक्षित वाटायचं तर गारठ्यात, अशी निवड करायची वेळ आली की साप लपणंच निवडतो आणि गारठत बसतो.

आता ठाण्याच्या हवेकडे बघा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सतरा-अठरापर्यंत उतरतो, येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरला डोंगराकडच्या बाजूला त्याहून थोडा खाली. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तोच पारा चाळिशीला टेकतो. या दोन टोकांमध्ये सापाला हवी तशी हवा काही महिने असते, हे खरं आहे. त्या महिन्यांत माझी हीट मॅट, म्हणजे टँकखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई, दिवसाचे कितीतरी तास बंदच असते. पण ती कधी बंद राहायची आणि कधी सुरू व्हायची हे थर्मोस्टॅट ठरवतो. तो काढून टाकला तर हे कोण ठरवणार?

उन्हाळ्याबद्दल तर निरोपात एक अक्षर नाही, आणि आपल्याकडे खरा धोका तेव्हाच असतो. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, थंडावा देऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली गार बाजूच ३३वर गेली की सापाला पळायला जागाच उरत नाही. ३५च्या वर बराच वेळ राहिला तर जिवावर बेतू शकतं. मी एप्रिल-मेमध्ये टँक स्टँडवरून उतरवून फरशीजवळ ठेवते, आणि बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून बाहेरून काचेला टेकवते. काचेचा टँक खिडकीच्या उन्हात तर कधीच नको, हिवाळ्यातसुद्धा नको. उन्हात उभी केलेली बंद गाडी कशी तापते ते आपल्याला ठाऊक आहे.

"थंडीत साधा बल्ब किंवा तापणारा दगड." दगडाचं आधी सांगते. ओळखीच्या एका मुलाने माझ्याकडे आणलेल्या कॉर्न स्नेकच्या पोटावरचे आठ-दहा खवले पांढरे पडून वर उचलले गेले होते, खाली लाल ओलसर कातडी. दगडाच्या एका टोकाला हात टेकवला तर टेकवत नव्हता, दुसरं टोक कोमट. साप भाजत असताना उठून का गेला नाही, असं तो मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता. पोटाखालून येणाऱ्या चटक्याला साप आपल्यासारखा झटकन प्रतिसाद देत नाहीत. भोवतालची हवा गार असेल तर त्या एकमेव उबदार जागेला ते चिकटून राहतात. तो साप वाचला. नवीन कातडी येईपर्यंत तीन वेळा कात टाकावी लागली त्याला.

बल्ब मुळात वाईट नाही. वरून येणारी उष्णता हवाही तापवते, ते काम खालची हीट मॅट करत नाही. थंडीच्या रात्री खोली अठरावर गेली की फक्त मॅट कमी पडते. मी तेव्हा सिरॅमिक हीटर जोडते, त्याचा उजेड पडत नाही. साध्या बल्बने रात्रभर लख्ख उजेड राहतो आणि निशाचर प्राण्याची दिवस-रात्र मोडते. सिरॅमिक हीटरला होल्डर चिनी मातीचाच लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब असो वा सिरॅमिक, टँकच्या आत असेल तर भोवती जाळी हवीच. साप त्याला विळखा घालतो.

"थर्मोस्टॅट म्हणजे उगाच खर्च." हीट मॅट नुसती प्लगला लावली की किती तापते हे मी एकदा मोजलं: काचेवर ४४ अंश. हवं होतं ३२. तेवढा एक आकडा मला पुरला. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट आणि टँकच्या तळाच्या मध्ये टेपने पक्का बसवायचा. आत मोकळा सोडला की साप तो ढकलतो, त्यावर पाणी सांडतं, प्रोबला वाटतं थंडी पडली आणि मॅट तापतच राहते. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच, नाहीतर गार बाजू राहत नाही. प्रोब आणि आतला पृष्ठभाग यांत तीन-चार अंशांचा फरक पडतो, तेव्हा आतून मोजून मगच आकडा ठरवा. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. करोनाकाळात घेतलेली कपाळाचा ताप मोजायची बंदूक इथे वापरू नका, ती माणसाच्या अंगाचा ताप दाखवायला बनवलेली असते.

आता आर्द्रता. या निरोपाने सगळ्यात जास्त नुकसान इथेच केलंय, म्हणून जरा थांबून सांगते.

"मुंबईकडे आर्द्रता असतेच" आणि "रोज दोनदा फवारा मारा" ही दोन्ही वाक्यं एकाच निरोपात आहेत, आणि दोन्ही चुकीच्या ऋतूत पाळली जातात. आपण जो टक्का वाचतो ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, एवढंच तो सांगतो. हवा तापली की तिची धरायची ताकद वाढते. बाष्प तेवढंच राहतं, टक्का पडतो. साधारण अकरा-बारा अंशांनी हवा तापली की टक्का निम्म्यावर येतो.

जानेवारीतली एक रात्र घ्या. खोलीत १९ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के. काटा बघून वाटतं, छान आहे. तीच हवा उबदार बाजूला ३२ अंशांवर गेली की टक्का उरतो तीसच्या आसपास. बॉल पायथनला साठच्या वर हवी. दुपारी जमिनीवरून कोरडे पूर्वेकडचे वारे सुटतात तेव्हा तर खोलीतच आर्द्रता तीस-पस्तीसवर येते. चकलीने पहिल्या हिवाळ्यात कात तुकड्या-तुकड्यांत टाकली, शेपटीच्या टोकाला वेढा राहिला आणि डाव्या डोळ्यावरचं कवच तसंच राहिलं. ते मी चिमट्याने ओढायला निघाले होते. प्राण्यांच्या डॉक्टरांनी वेळीच थांबवलं, कारण खालच्या डोळ्यालाच इजा होते. पुढची कात येईपर्यंत आर्द्रता नीट ठेवली आणि ते आपसूक निघालं.

जुलैत उलट. खोलीत २७ अंश, ९० टक्के. ३२ अंशांच्या बाजूला तीच हवा सत्तरच्या आतबाहेर येते, सापाला हवी तितकी. म्हणजे पावसाळ्यात ऊब हीच आर्द्रता आवरते. त्या दिवसांत हीटर बंद करून वर दोनदा फवारा मारला तर तळाचा थर कुजायला लागतो, त्यावर पांढरी बुरशी येते आणि पोटाच्या खवल्यांच्या कडा तांबूस-तपकिरी होतात. पुढे त्याखाली पाणी धरतं. खवले कुजण्याची सुरुवात अशी होते. गार आणि ओली हवा एकत्र आली की श्वासाचे आजारही होतात: तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय न करता सरिसृप बघणाऱ्या डॉक्टरांकडेच जा.

मग थंडीत करायचं काय? फवारा नको, त्याचं पाणी तासाभरात उडून जातं. नर्सरीत मिळणारं कोकोपीट चार बोटं जाड पसरा आणि टँकच्या कोपऱ्यांत हळूच पाणी ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहिला पाहिजे. मूठभर कोकोपीट दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. झाकणाची जाळी दोन-तृतीयांश झाका, उरलेली हवेसाठी मोकळी. पाण्याचं भांडं उबदार बाजूकडे सरकवा. डोळे दुधाळ निळसर झाले, म्हणजे कात जवळ आली, की एका लपणीत ओलं शेवाळ भरून ठेवा. कॉर्न स्नेकला एवढा खटाटोप नाही, त्याला चाळीस ते साठ टक्के पुरते, आणि पावसाळ्यात त्याच्या टँकला हवा खेळती ठेवणं हेच मुख्य काम.

"एसी चालतो, साप थंड रक्ताचा असतो." थंड रक्ताचा म्हणजे थंडी आवडणारा असा अर्थ लावलेला दिसतो. खरं तर बाहेरून ऊब मिळाली नाही तर त्याचं पचनच चालत नाही. खाल्लेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडतो आणि साप तो उलटून टाकतो. नेरूळच्या एका घरी सापाने सलग दोनदा उंदीर उलटला. दुकानातून सल्ला मिळाला की उंदीर बदला. टँकच्या वरच एसी होता, २३वर लावलेला. टँक दुसऱ्या खोलीत नेला, ऊब दिली, दोन आठवडे काही खायला दिलं नाही, मग लहान उंदीर दिला. तो पोटात टिकला. एसी हवेतलं बाष्पही काढून घेतो, तेव्हा त्या खोलीत दोन्ही बाजूंनी तोटा.

सोसायटीत सापडलेल्या पिल्लाचं उत्तर एका ओळीत देता येतं: आपल्याकडचे नाग, घोणस, धामण, अजगर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत आणि त्यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. परदेशी साप ठेवणाऱ्यांनीही नोंदणीकडे दुर्लक्ष करू नये. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो, आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची नोंद परिवेशवर करावी लागते.

राहिला काचेवरचा गोल काटा. तो काचेवर, वरच्या बाजूला, साप कधीच नसतो तिथल्या हवेचा आकडा सांगतो, आणि तोही बहुधा चुकीचा. डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायची यंत्रं, दोन घ्या, एकेक दोन्ही बाजूंना, सापाच्या उंचीवर ठेवा. तेही तपासून घ्यावे लागतात, आणि तपासायची सोय आपल्या ओट्यावरच आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून घेतं. याच गुणाचा उपयोग करायचा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट डब्यात रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा ७५ असायला हवा. जितका फरक दिसेल तितका रोजच्या आकड्यातून वजा किंवा अधिक करायचा.

भाच्याने काल रात्री डबा लावला होता. आज सकाळी त्याचा फोटो आला, ८३. म्हणजे तो ज्याला साठ टक्के समजत होता ते बावन्नच होतं, आणि पिल्लाचे डोळे परवापासून दुधाळ झालेत. शेवाळ भिजवायला सांगितलंय.