हातमोजे घालून मीठ उचलता येत नाही

आज २२ मार्च, जागतिक जल दिन. माहेरच्या गावी कृष्णाकाठी स्वच्छता मोहीम होती म्हणून निपाणीहून सकाळची पहिली गाडी पकडून गेले. टोप्या वाटल्या, हातमोजे वाटले. घाटावरचं निर्माल्य, प्लास्टिक, काचा फुटलेल्या देवांच्या तसबिरी, सगळं पोत्यांत भरलं. चांगलं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. मग माइकवरून जाहीर झालं, "आपली कृष्णामाई आज स्वच्छ झाली." टाळ्या, हार, फोटो.

माझा भाचा नववीत आहे. त्याच्याकडं पेनाएवढा टीडीएस मीटर आहे, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा. टाळ्या चालल्या होत्या तेव्हा हे पोरगं घाटाच्या खालच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथं, गुडघाभर चिखलात उभं होतं. नदीत तीन आकडी, ओढ्याच्या तोंडाशी चार आकडी. पळत वर आला सगळ्यांना दाखवायला. तर स्टेजवरचा एक पांढरा शर्ट म्हणतो, "बाळा, आज चांगला दिवस आहे, ते खिशात ठेव."

खिशात ठेव! परतीच्या गाडीत कोगनोळी-बिगनोळी काही दिसलं नाही मला, डोक्यात हेच.

मी सहावीत असतानाची गोष्ट. आमच्या खालच्या तुकड्यातला ऊस पिवळा पडलेला, मधे मधे जमिनीला टक्कल. ढेकळांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर. अण्णांनी बोट टेकवलं, जिभेला लावलं आणि तेच बोट माझ्यापुढं धरलं. "चाख." खारट, आणि मागून कडू. मी थुंकले. अण्णा हसले नाहीत. बांधापलीकडचे कन्नड काका त्याला सवळु म्हणायचे, आम्ही खारपड. सीमाप्रश्नावर आमच्याकडं कधीही मोर्चा निघतो, या पांढऱ्या थरावर दोन्ही भाषांत मिळून एकही निघालेला मला आठवत नाही.

हे मीठ कुणी रात्री येऊन टाकलेलं नव्हतं. नदीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. ऊस पाणी पितो, क्षार मातीत ठेवतो. वरून आपण पाटानं पाणी सोडतच राहतो, काळी जमीन निचरत नाही, खालची पातळी वर येते आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की मीठ तेवढं वर उरतं. वर पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे काय, तेही एक मीठच की!

पुढं भावकीनं वर्गणी काढून चर मारले, जमिनीखाली भोकाच्या पाइपा टाकल्या. दोन पावसाळ्यांत खालच्या तुकड्यात ज्वारी आली. अण्णा त्या ज्वारीत जाऊन नुसते उभे राहायचे, संध्याकाळी हाक मारून आणावं लागायचं. ते आठवलं की हे लिहिताना हात जरा थांबतो. कारण त्या पाइपांचं तोंड त्याच ओढ्यात आहे, जिथं आज माझा भाचा उभा होता. अण्णांच्या बोटावरचं मीठ संपलं नाही, नदीत गेलं. नदीतून खालच्या गावाच्या नळात.

आता कमेंटमध्ये येणारच, "ताई, वरच्यांना बोला ना." बोलते. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि इचलकरंजीच्या रंगाचं पाणी घेऊन येते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सुती कापडावर रंग बसायला मीठ घालावं लागतं, आणि ते जवळपास सगळं पाण्यातच राहतं. साध्या शुद्धीकरणात घाण खाल्ली जाते, मीठ तसंच पुढं जातं. तिकडं तमिळनाडूत तिरुपूरला हेच झालं. नोय्यल नदीवर शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात रंगाचं खारं पाणी साठलं, शेतकरीच म्हणायला लागले की हे पाणी आमच्याकडं सोडू नका. ते कोर्टात गेले, आणि २०११ साली मद्रास हायकोर्टानं रंगाचे कारखाने बंद करायला लावले. आता तिथं पाणी गाळून तेच मीठ पुन्हा रंगाला वापरतात. म्हणजे होतं. हजारो घरं त्या धंद्यावर चालतात हे मान्य, पण होतं.

फक्त ते शेतकरी कोर्टात गेले तेव्हा त्यांचं बोट दुसऱ्याकडं होतं. आपलं बोट कुणाकडं करायचं? आपल्या बोटावर तर आपल्याच वावरातलं मीठ आहे.

वहिनीच्या स्वयंपाकघरात बोअरच्या पाण्यात तूरडाळ सहा शिट्ट्यांनी शिजत नाही. म्हणून डाळीलासुद्धा गावातल्या शुद्ध पाण्याच्या मशीनचं पाणी, नाणं टाकून कॅन भरून आणायचं. आणि त्या मशीननं बाजूला काढलेलं खारं पाणी कुठं जातं? गटारात. गटार ओढ्यात. मी आज बघून आले. हसावं की काय करावं!

चर बुजवा असं मी म्हणत नाही. आमचाच तुकडा त्यावर जगलाय, कुठल्या तोंडानं म्हणू? पण जेवढं पाणी जास्त पाजू तेवढं मीठ वर येणार आणि तेवढंच ओढ्यानं खाली जाणार. आमच्या दादाकडं थ्री फेज लाइट रात्री येते. मोटर चालू करायची आणि झोपायचं, सकाळी ऊस पाण्यात उभा. ठिबकला पैसे लागतात, उंदीर नळ्या कुरतडतात, सगळं खरं. तरी गल्लीतल्या चार घरांनी ठिबक केलंच ना? त्यांचं कुणी हार घालून कौतुक केलं नाही.

एप्रिल-मेमध्ये नदीचे डोह होतात, तेव्हा कोयनेतून पाणी सोडा म्हणून आपलं कर्नाटक सरकार तिकडच्या महाराष्ट्र सरकारला विनवतं. पाणी आलं की मीटरचा आकडा खाली येईल आणि पुन्हा माइकवर कुणीतरी म्हणेल, माई स्वच्छ झाली.

पांढऱ्या शर्टावर मी जरा जास्तच तापले. पोत्यात कचरा त्यानंही भरला, माझ्यापेक्षा दोन पोती जास्त. पण भाच्यानं मीटर खिशात ठेवला नाही. घाटाच्या पायरीवर बसून दोनशे पानी वहीत तारीख, वेळ आणि तीन जागांचे आकडे लिहिले. वर्गातली अजून पाच पोरं तयार आहेत, दर रविवारी मोजणार म्हणतात. खालच्या गावातलं कुणी मोजायला तयार असेल तर मला मेसेज करा, त्यांना तिकडचे आकडे हवेत.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ओढ्याच्या तोंडाशी. टोप्या नकोत, जुनी चप्पल घालून या. दादा, तूही ये. येताना मोटर बंद करून ये.