शेंगदाण्याचा डबा उघडाच ठेवा

घरात म्हातारं माणूस असेल आणि हल्ली ते जेवणाला नावं ठेवेनासं झालं असेल, तर आधी अभिनंदन स्वीकारा. आमच्याकडे हा सुदिन तीनेक वर्षांपूर्वी उगवला. त्याआधी नानांचं नाक म्हणजे घरातलं फौजदारी खातं होतं. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडलं की ओसरीवरून आवाज यायचा, "तेल खवट शे वं माय, फेकी द्या ते!" आई चिडायची, बायको पुटपुटायची, पण तेल फेकलं जायचं. नाना चुकत नसत. घाण्याच्या शेंगदाणा तेलावर चाळीस वर्षं पोसलेलं नाक होतं ते.

मग एका हिवाळ्यात भरीत झालं. बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, वर पातीचा कांदा, सोबत कळण्याच्या पुऱ्या. फक्त फोडणीचं तेल डब्याच्या तळचं, मागल्या दिवाळीचं. पहिल्याच घासाला सगळ्यांचे जबडे थांबले. नानांनी मात्र तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "नाना किती निवळले!" आम्ही म्हणालो. तुम्हीही असंच म्हणा.

यामागचं शास्त्र घरात कुणाला सांगू नका, लोक उगाच काळजीत पडतात. अल्झायमरमध्ये, म्हणजे हळूहळू आठवण पुसणाऱ्या मेंदूच्या आजारात, वासाची जाण बऱ्याचदा विसरभोळेपणाच्या आधीच कमी होऊ लागते. नाक काय, सर्दीनंही बसतं, करोनात तर कित्येकांचं गेलं. तेव्हा वास येईना म्हणजे अल्झायमरच, असं अजिबात नाही. पण आयुष्यभर वासावर घर चालवणारा माणूस वासच विसरला, तर एकदा डॉक्टरला दाखवावं, एवढी साधी गोष्ट आहे. तुम्ही दाखवू नका. भरीत वाढा.

खवटपणा म्हणजे काय हे खानदेशी माणसाला शिकवायला नको. डब्याचं झाकण उघडं राहिलं, वर मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन लागलं, की तेलातल्या स्निग्धाम्लांना हवेतला ऑक्सिजन गाठतो. एका रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावला जातो, तो लुटलेला रेणू शेजाऱ्याचा हिसकावतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. अढीत एक आंबा नासला की अख्खी अढी नासते, तसंच. या हिसकाहिसकी करणाऱ्या भुरट्यांना फ्री रॅडिकल म्हणतात आणि त्यांचा बंदोबस्त तोकडा पडू लागला की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शेंगदाणा तेलात ई जीवनसत्त्व मुळातच असतं, म्हणजे घरचा पहारेकरी असतो. तरी तेल खवट होतंच. पहारेकऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे डबेवाला येणार आहे.

आता मेंदूकडे बघा. निसर्गानं तेलाचा डबा बांधायला घेतला आणि झाकण लावायला विसरला, असा प्रकार आहे. वजनानं मेंदू शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी सुमारे २० टक्के ऑक्सिजन खातो. पाण्याचा अंश वगळला तर निम्म्याहून अधिक चरबी, आणि तीही अशी की त्यातली बरीचशी चटकन खवट होणाऱ्या जातीची. पेशींच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाची वीजघरं रात्रंदिवस चालू, आणि दीपनगरच्या वीजकेंद्रात जशी राख पडायचीच, तशी यांच्यातून थोडी ठिणगी सांडायचीच. तरुणपणी ती विझवायला एन्झाइमांचं अग्निशमन दल असतं. वय वाढलं, वर साखर आणि रक्तदाब चढले, की ते दल थकतं. आग पेशीच्या भिंतीतल्या चरबीला लागते, प्रथिनांना लागते, डीएनएला लागते.

लोखंडाची भर वेगळीच. मेंदूला लोह लागतंच, पण अल्झायमरमध्ये ते काही भागांत साचलेलं आढळतं. १८९४ साली फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं लोहाचा क्षार, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेतलं आंबट, एकत्र आणल्यावर काय धुमाकूळ होतो ते छापून ठेवलं. त्यात जो हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो तो भुरटा चोर नव्हे, दरोडेखोर. लोह आणि पेरॉक्साइड मेंदूतही असतं. चिंच नसली तरी चालतं.

अल्झायमरच्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे आणि टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता सापडतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. अमायलॉइडमुळे ही जाळपोळ वाढते, आणि जाळपोळीमुळे अमायलॉइडही वाढतं. बी आधी की झाड आधी, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. दोन गोष्टींवर मात्र भांडण नाही. ऑक्सिडेशनचं नुकसान रोगाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात दिसतं, आणि अमायलॉइड साचणं तर लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे नानांनी भरीत तिसऱ्यांदा घेतलं त्याच्या कितीतरी आधी, ते सायकलवर आठवडे बाजाराला जात होते तेव्हाच, आत कुठेतरी झाकण उघडं पडलेलं असणार. आणि मेलेल्या पेशीच्या जागी नवी उगवेल म्हणाल, तर मेंदूची पेशी म्हणजे काही जळगावची केळ नव्हे, बुंध्याशी मुनवे फुटायला.

पण एवढ्या खोलात शिरायचं कारण नाही, आपल्याकडे निदान तयार असतं: "वय झालं." एका घोटात सगळं उतरतं. दोनदा पेन्शन आणायला निघाले, वय झालं. नातवाला मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली, वय झालं. साठी बुद्धी नाठी. १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर जी ऑगस्टे डीटर आली ती ५१ वर्षांची होती. साठीला नऊ वर्षं बाकी असताना तिची बुद्धी नाठी कशी झाली, हे विचारायला आपल्या पारावरचं कुणी तिथे नव्हतं. असतं तर अल्झायमरांना १९०६ साली तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तसदीही पडली नसती.

वय झालं हे पटत नसेल तर भगत आहेच. "बाहेरचं" निघालं तर कोंबड्यात भागतं. डॉक्टरकडे मात्र नेऊ नका, कारण तो रक्त काढतो आणि कधीकधी बी-१२ कमी निघतं किंवा थायरॉइड. मग औषधानं माणूस बराच सुधारतो आणि आपण चारचौघांत काय तोंड दाखवणार?

आता तो डबेवाला. तो बहुधा तुमचाच भाचा असतो. मंगल कार्यालयात शिबिर असतं, दारात नाव नोंदवून चहा मिळतो, पडद्यावर फ्री रॅडिकल लाल शिंगांचा दाखवलेला असतो आणि अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे त्याला आवरणाऱ्या पहारेकऱ्याच्या, डब्यावर सिंहाचं चित्र. किंमत चार आकडी. घ्याच. भाच्याची साखळी तुटता कामा नये. तीही एक साखळी प्रक्रियाच. डब्यात ई जीवनसत्त्व असतं, हळदीचा अर्क असतो. ई जीवनसत्त्वाचं म्हणाल तर २०१४ साली अमेरिकेत ६१३ माजी सैनिकांवरच्या अभ्यासात, ज्यांना सौम्य ते मध्यम अल्झायमर आधीच झालेला होता अशांची रोजची कामं करण्याची क्षमता मोठ्या मात्रेनं जरा सावकाश ढासळली. स्मरणशक्तीत म्हणावा असा फरक पडला नाही. आणि रोग होऊच नये म्हणून ७,५४० वयस्क पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम आजमावलं गेलं, त्याचा निकाल २०१७ साली आला: काही उपयोग नाही. मोठ्या मात्रेचे तोटेही आहेत, म्हणून ते डॉक्टरला विचारून घ्यायचं असतं, भाच्याला नव्हे. हळदीतलं कर्क्युमिन परीक्षानळीत फार गुणी, पण पोटातून रक्तात जेमतेम चढतं. एवढं सगळं भाच्याला सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही निगेटिव्ह फार बोलता." डबा घेतला. अजून कपाटात आहे. त्यावरच्या एक्सपायरीची तारीख नानांनी पूर्वी बरोबर ओळखली असती.

झाकण लावायचे साधे उपाय आहेत, ते टाळायला मात्र थोडी मेहनत लागेल. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं हिशेब मांडला की जगातल्या स्मृतिभ्रंशापैकी (अल्झायमर हा त्याचाच मुख्य प्रकार) साधारण ४५ टक्के हा १४ बदलता येण्याजोग्या गोष्टींशी जोडलेला आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, प्रदूषण, एकटेपणा आणि, हसू नका, बहिरेपणा. म्हणून नानांना कानाचं यंत्र घेऊ नका. आम्ही नाही घेतलं. त्याच वर्षी पुतण्याच्या लग्नात डीजे होता, पैसे तिकडे गेले, आणि त्या डीजेनं उरलेल्यांचे कानही नानांच्या रांगेत आणून बसवले. रक्तदाबाची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करू द्या. मोटारसायकलवर हेल्मेट नको, उकडतं. थोरला सुरतेला, धाकटा पुण्याला, ओसरीवर नाना आणि टीव्ही, आणि टीव्हीचा आवाज नानांना ऐकू येत नाही. बेत नीट जमला.

देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या किती जणांना घरात नुसतंच "निवळले" म्हणतात, ते कुणी मोजलेलं नसावं.

परवा मी अखाजीला घरी गेलो. नाना ओसरीवर, मांडीत शेंगदाण्याची वाटी. माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मग अगदी अदबीनं, परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, तू कोना पोऱ्या शे?"

"तुनाच, नाना."

त्यांनी मान हलवली, जणू पत्ता कळला. मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. तोंडात टाकले आणि जीभ आकसली. कधीचे होते कोण जाणे. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गोड शे ना रे?"

"शे, नाना," म्हटलं, आणि आणखी मूठभर मागितले.