कमरखाचं झाड तोडायची गरज नाही
'कमरख म्हणजे किडनीचं विष, परसातलं झाड आजच तोडा' असा मेसेज फिरतोय. (कमरख म्हणजे स्टार फ्रूट, आडवं कापलं की चांदणीसारख्या चकत्या पडणारं आंबटगोड फळ.) अर्धंच खरं आहे. ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांनी, डायलिसिसवाल्यांनी तर नक्कीच, हे फळ, रस, लोणचं काहीही तोंडात घालू नये. त्यातलं कॅरम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं विष त्यांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, प्रसंगी मृत्यू. अशी उचकी लागली तर साखर चघळत बसू नका, दवाखाना गाठा. धडधाकट माणसाने तिखटमीठ लावून चार चांदण्या खुशाल खाव्यात. उपाशीपोटी पेलाभर रस मात्र त्यालाही नको, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, म्हणजे मूत्रपिंडाला इजा करणारा आणि मुतखडा बनवणारा क्षार. (म्हणूनच 'कमरखाने मुतखडा विरघळतो' हा दुसरा मेसेज जास्त घातक.) झाडाच्या सावलीने कुणालाही काही होत नाही.